हाडाचा निरोप

"तोडा म्हंजे सुटलं," आण्णाप्पा मगदूम रिक्षातूनच म्हणाले. "तीन पायावर कुत्रं मजेत जगतंय. मी एकावर जगायलोयच की."

"तुमी गप बसा," सुगंधाकाकू म्हणाल्या. "पाय तोडायचा न्हाई, डॉक्टर. न्हाई म्हंजे न्हाई."

डॉक्टर म्हैसाळकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये एवढी अक्कल मला होती, पण त्या भांडणावर माझी दोन-तीन वर्षांची मेहनत टांगलेली होती, त्यामुळे तिथून हलताही येत नव्हतं.

मिरजेत मालगाव रोडला डॉक्टरांचा जनावरांचा दवाखाना होता. आडनाव म्हैसाळकर आणि धंदा हा, त्यामुळे गावाने त्यांची थट्टा करून करून शेवटी नाद सोडला होता. माणूस अतिशय हळू बोलणारा. जनावरं बिचकतात म्हणून आवाज चढवायचं त्यांनी बहुधा कॉलेजातच सोडून दिलं असावं. त्या दिवशी मात्र ते दवाखाना सोडून भर रस्त्यात उभे होते, कारण आण्णाप्पा आत यायला तयार नव्हते. दवाखाना माणसांचा असो नाहीतर म्हशींचा, आपण त्याची पायरी चढणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे रिक्षा उभी, आत कुबड्या आडव्या टाकून आण्णाप्पा, आणि बाहेर आम्ही तिघं. काकूंच्या हातात चादरीत गुंडाळलेलं पांढरं कुत्रं होतं. त्याचं नाव बत्ताशा.

मगदुमांचं मार्केटजवळ भडंगाचं दुकान. काकू चुलीवर, आण्णाप्पा गल्ल्यावर. पूर्वी ते ट्रक चालवायचे, अपघातात डावा पाय गेला तेव्हापासून गल्ल्यावर. कधीतरी रस्त्यावरचं एक पिल्लू त्यांच्या स्टुलाखाली येऊन बसलं आणि उठलंच नाही. त्या बत्ताशाला एका मोटारसायकलने उडवलं होतं. मागच्या उजव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड असं फुटलं होतं की डॉक्टरांना त्याचा चुरा काढून टाकावा लागला. आता वरचं टोक एकीकडे, खालचं टोक दुसरीकडे आणि मध्ये दोन बोटं काहीच नाही.

"एवढी फट शरीर आपणहून बुजवत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "पाय काढणं हा सरळ मार्ग आहे. कुत्री खरंच चांगली जगतात. किंवा..."

या 'किंवा'ची मी किती वाट पाहिली होती ते सांगून खरं वाटणार नाही. मी कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत सूत काढायचे. मूळची विट्याची, आडनाव कोष्टी, घरात तीन पिढ्या माग. पीएचडी करते म्हणून सांगितल्यावर वडील म्हणाले होते, "एवढं शिकून शेवटी सूतच काढायचं होतं तर घरचा माग काय वाईट होता?" पण माझं सूत वेगळं होतं. सुईतून पातळ द्रव सोडायचा, त्याला विजेचा जबर दाब द्यायचा, की समोरच्या फिरत्या रुळावर केसाच्या कितीतरी पट बारीक धागा गुंडाळला जातो. त्याचा होतो एक पांढरा पापुद्रा. हाडाच्या फटीत तो बसवायचा. इंग्रजीत त्याला स्कॅफोल्ड म्हणतात, म्हणजे बांधकामाची परांची. पेशी तिच्यावर चढतात, काम करतात आणि काम झालं की परांची आपोआप विरघळून जाते.

आणि खरी गंमत पुढे होती. त्या धाग्याच्या पोटात आम्ही एक जनुक भरलं होतं. सशांमध्ये ते चाललं होतं. परवानग्या हातात आल्या होत्या. आता खरा रुग्ण हवा होता आणि मालकाचा होकार. तो रुग्ण चादरीतून माझ्याकडे बघत होता आणि मालकाचा नकार रिक्षात बसला होता.

"काका, मी दोन मिनिटं बोलू?" मी विचारलं.

"बोला. ऐकायला पैसं पडत न्हाईत."

मी रिक्षाच्या दांडीला धरून वाकले आणि सगळं एका दमात सांगितलं. मी उत्साहात आले की फार भरभर बोलते, अजूनही बोलते. धाग्यात औषध नाही, धाग्यात निरोप आहे. आसपासच्या पेशी तो निरोप आत घेतात, वाचतात आणि हाड बांधायला लावणारा पदार्थ स्वतःच तयार करायला लागतात. बाहेरून आणलेलं हाड नाही, त्याचंच, नवं.

आण्णाप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. ट्रकवाल्यांना लांबच्या पल्ल्याची सवय असते.

"म्हंजे तुमी इटा धाडत न्हाई," ते म्हणाले. "गवंड्याला नुसता फोन लावताय."

"अगदी तेच," मी म्हणाले. माझ्या गाईडलाही हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

"आनि गवंड्यानं फोन उचलला न्हाई तर?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे खरं ते सांग.

"तर हाड येणार नाही. मग पाय काढावाच लागेल."

"म्हंजे आधी दुखणं भोगायचं आनि मग तोडायचा."

"व्हय, पन आलं तर?" काकू मध्येच म्हणाल्या. "आलं तर चार पायावर चालंल का न्हाई?"

आण्णाप्पा बायकोकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी बत्ताशाच्या कानामागे खाजवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाडाचं तीन फोटो, म्हैन्याला एक. तिसऱ्या फोटोत हाड दिसलं तर ठीक. न्हाई दिसलं तर त्याच दिवशी तोडायचा. पुना कुनी अजून थोडं थांबू, अजून एक करून बगू, असलं बोलायचं न्हाई. हिनंबी न्हाई आनि तुमीबी न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

"तिला इचारलं मी."

काकूंनी हातातली चादर सारखी केली. "कबूल," त्या म्हणाल्या आणि पदराने बत्ताशाचं तोंड पुसलं, तसं ते काही ओलं नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी डॉक्टरांच्या शेजारी उभी होते. माझा पापुद्रा गुंडाळी करून त्यांनी फटीत सरकवला आणि मला म्हणाले, "झालं. कोष्ट्यांचं काम संपलं." मग हाडात वरून आणि खालून खिळे घालून ते पायाच्या बाहेर एका सळईला जोडले. पायावरचा सगळा भार आता ती सळई पेलणार होती. आतल्या धाग्याने फक्त निरोप द्यायचा होता.

घरी जाताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि शेजारच्या बाईंना विनाकारण सांगितलं की आज माझं सूत एका कुत्र्याच्या पायात बसलं. बाईंनी आपली पिशवी जरा पलीकडे ओढून घेतली.

पहिल्या फोटोत काही नव्हतं. ते अपेक्षितच होतं, धागा क्ष-किरणांत दिसत नाही. काळी मोकळी फट, वर हाड, खाली हाड. दुसऱ्या फोटोतही काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कडेला थोडं धुरकट वाटतंय. मला वाटलं, ते माझी समजूत घालतायत. मी कोल्हापूरला जाऊन तेच सूत पुन्हा काढलं, पुन्हा तपासलं. त्यातलं जनुक ठणठणीत होतं, बशीत वाढवलेल्या पेशी निरोप वाचत होत्या. बशीत सगळं छान चालतं. बशीला मोटारसायकल उडवत नाही.

बत्ताशा मात्र मजेत होता. सळई घेऊन तीन पायांवर दुकानभर फिरायचा आणि गिऱ्हाइकाने भडंग सांडलं की कांदा सोडून बाकीचं खायचा. चौथा पाय त्याने जमिनीला लावलाच नाही. आजारी पाय टेकायचा नाही हे त्याचं त्याने ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या फोटोच्या दिवशी मी सकाळीच मिरजेला पोचले. रिक्षा आधीच रस्त्यापलीकडे लागली होती. आण्णाप्पा आत बसलेले. मी हात केला, त्यांनी मान हलवली. दवाखान्यात काकू बाकावर बसल्या होत्या, बत्ताशा मांडीवर. एरवी बोलून बोलून समोरच्याला दमवणारी बाई त्या दिवशी चादरीचे धागे ओढत बसली होती. मी शेजारी बसले.

"ताई, खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी पैल्याच म्हैन्यात सांगितलं हुतं, तोडा म्हनून."

"बत्ताशाचा?"

"ह्यांचा सोताचा." त्या खालच्या आवाजात बोलत होत्या, बाहेर रिक्षापर्यंत ऐकू जाईल अशी भीती असल्यासारख्या. "ट्रक उलटला तवा. हाड मोडलेलं, ते जुळंना. डॉक्टर म्हनाले, गुडघ्याखाली काढू, बरा होईल. हे म्हनाले, काढा, मला सोसंना. मीच न्हाई म्हटलं. ह्या डॉक्टराकडं चला, त्या डॉक्टराकडं चला. सळई घाला, ती काढा, दुसरी घाला. परत्येक येळंला मी म्हनायची, अजून थोडं थांबू. दीड वरीस त्यो मानूस वरडत हुता. शेवटी आत पू झाला आनि मांडीपतूर तोडावा लागला. माझ्यापायी."

मी बत्ताशाच्या पाठीवर हात ठेवला.

"ते कवा बोलून दावत न्हाईत," काकू म्हणाल्या. "एकदा बोलले असते तर बरं झालं असतं. आज त्या फोटोत काय न्हाई निगालं, तर मी परत त्येच केलं असं हुईल. आनि ह्या खेपंला मुक्या जिवासंगं."

इतका वेळ मला वाटत होतं की त्या फोटोत माझ्या धाग्याची परीक्षा आहे. ती परीक्षा काकूंची होती, हे मला त्या बाकावर कळलं.

"संज्योत, ये," डॉक्टरांनी मला आतून हाक मारली.

क्ष-किरणांच्या खोलीत आम्ही दोघांनी शिशाचे एप्रन चढवले. बत्ताशाला टेबलावर आडवं केलं. सळई नेमकी हाडावर आडवी येत होती, मागच्या दोन्ही वेळी तिने अर्धी फट झाकली होती. डॉक्टर म्हणाले, "आज सोक्षमोक्षच लावायचाय तर नीट बघू. सळई घटकाभर काढतो. तू त्याला अजिबात हलू देऊ नकोस. आत काही नसेल तर पायाला आधार शून्य आहे."

त्यांनी पाना लावून सळई सोडवली. पायातून नुसते खिळे बाहेर आलेले दिसत होते. मी एका हाताने बत्ताशाची मान धरली, दुसऱ्याने कमर. शहाणं कुत्रं, डोळे मिटून पडून राहिलं. बटण दाबल्याचा आवाज झाला आणि डॉक्टर पडद्याकडे वळले. तेव्हा त्यांनी नवीनच मशीन घेतलं होतं, फोटो लगेच पडद्यावर यायचा.

आधी पडदा राखाडी झाला. मग खिळे उमटले, मग वरचं हाड, मग खालचं. आणि त्या दोघांच्या मध्ये, जिथे दोनदा काळं होतं, तिथे पांढरं होतं. वरपासून खालपर्यंत. ओबडधोबड, घाईत लिंपलेल्या भिंतीसारखं, पण सलग.

डॉक्टर म्हैसाळकर, ज्यांचा आवाज गावात कुणी चढलेला ऐकला नव्हता, ते दोन्ही हात वर करून ओरडले, "हाड! संज्योत, हाड! हाड! हाड!"

बत्ताशा रस्त्यावर जन्मलेला. रस्त्यावरच्या कुत्र्याला आयुष्यात सगळ्यात आधी कळतो तो हाच शब्द, आणि त्याच्या अर्थाचा पेशींशी काही संबंध नसतो. त्याने डोळे उघडले, माझे दोन्ही हात झटकले आणि टेबलावरून खाली उडी मारली. त्याच क्षणी डॉक्टरांचं ओरडणं ऐकून काकूंनी बाहेरून दार उघडलं. तो त्यांच्या लुगड्याला घासून बाहेर गेला.

"धर त्याला," डॉक्टर म्हणाले आणि त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला, फक्त चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "सळई नाहीये."

मी धावले. एप्रन गुडघ्यांवर आपटत होता, शिसं काय जड असतं ते पळताना कळतं. व्हरांड्यात एक शेळी होती तिला ओलांडलं. बत्ताशा फाटकाकडे निघाला होता आणि मी ओरडायचंही विसरून त्याच्या मागच्या पायांकडे बघत होते. उजवा. तो टेकत होता. डावा, उजवा, डावा, उजवा. खिळे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले आणि पाय जमिनीवर पडतोय, भार घेतोय, पुढे ढकलतोय. मध्ये कसलाच लोखंडी आधार नाही. मध्ये फक्त ते नवं हाड, जे पडद्यावर येऊन मिनिटभरही झालं नव्हतं. मला हसू येत होतं आणि जीवही जात होता. एक वेडंवाकडं पाऊल पडलं असतं तर सगळं संपलं असतं.

फाटकाबाहेर मालगाव रोड. डावीकडून उसाच्या मोळ्या भरलेला ट्रॅक्टर आणि त्याला मागे टाकत एक टेम्पो येत होता. बत्ताशाला पलीकडची रिक्षा दिसली आणि तो सरळ रस्त्यात घुसला.

आण्णाप्पांनीही त्याला पाहिलं. त्यांनी कुबड्या घेतल्या नाहीत. रिक्षाच्या दांडीला धरून ते बाहेर आले आणि एका पायावर उड्या मारत रस्त्याच्या मधोमध गेले. हात आडवा करून टेम्पोकडे बघत त्यांनी अशी काही शिवी हासडली की ती मी इथे लिहू शकत नाही. टेम्पो करकचून थांबला. बत्ताशा त्यांच्या अंगावर झेपावला. एका पायावरचा माणूस, तोल जायचाच. आण्णाप्पा कुत्र्याला कवटाळून डांबरावर बसले.

"पाय!" मी ओरडले. "काका, त्याचा उजवा पाय धरा. हलू देऊ नका. त्याला सळई नाही."

मला वाटलं होतं, समजावून सांगावं लागेल. काहीच सांगावं लागलं नाही. त्यांनी एका तळव्याने वरचं हाड आणि दुसऱ्याने घोटा धरला, खिळ्यांना धक्का न लावता, अगदी सरळ. मोडलेला पाय कसा धरला म्हणजे कमी दुखतो हे त्यांना ठाऊक होतं.

मागून डॉक्टर आले, त्यांच्या मागून काकू. टेम्पोवाला आणि ट्रॅक्टरवाला दोघंही खाली उतरले होते.

"सोडा आता, मी घेतो," डॉक्टर म्हणाले.

"सोडनार न्हाई," आण्णाप्पा म्हणाले. "सोडला आनि मोडला तर?"

"अहो, पण आत न्यायला हवा ना?"

"मग न्या. मला सकट न्या. पाय मी धरनार."

त्यांना उचलायचं तर कुबड्या धरायला त्यांचा हात मोकळा नव्हता. शेवटी डॉक्टरांनी दवाखान्यातून वासरांची ढकलगाडी आणवली. तिच्यावर टेम्पोवाल्याने आणि ट्रॅक्टरवाल्याने आण्णाप्पांना उचलून ठेवलं आणि त्यांच्या मांडीवर बत्ताशा. मी पुढून ओढत होते, डॉक्टर मागून ढकलत होते. दवाखान्याच्या फाटकातून आत जाताना आण्णाप्पांचं लक्ष पायरीकडे नव्हतं, खिळ्यांकडे होतं. व्हरांड्यातल्या शेळीने सगळ्या लवाजम्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा पाला खायला लागली.

क्ष-किरणांच्या खोलीत त्यांनाही एप्रन घातला. पाय त्यांनीच धरून ठेवला. मघाच्या फोटोतलं पांढरं हाड खरं होतं, पण ते धावण्याच्या आधीचं. कोवळं हाड एवढ्या पळापळीत तडकलं असेल तर आता तिथे रेघ दिसणार होती. डॉक्टरांनी बटण दाबलं आणि या वेळी ते पडद्याकडे इतके सावकाश वळले की मी मान वेळावून त्यांच्या आधीच पाहिलं.

खिळे. वरचं हाड. खालचं हाड. मधलं हाड.

"आहे," डॉक्टर पुटपुटले. "जसंच्या तसं आहे."

"मला दावा," आण्णाप्पा म्हणाले.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. ते डोळे बारीक करून बघायला लागले. मला वाटलं, त्यांना समजणार नाही, म्हणून मी बोट दाखवणार होते, पण त्यांनी मान हलवून मला थांबवलं. त्यांची नजर बरोबर त्या जागी गेली होती.

"हितं काळी रेघ असती," ते म्हणाले. "ती कुठाय?"

"नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"नीट बगा. असती ती. माझ्या परत्येक फोटोत हुती. पैल्या फोटोत हुती, शेवटच्यातबी हुती. डॉक्टर म्हनायचे, भरंल, भरंल. कवा भरली न्हाई."

डॉक्टरांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा. आण्णाप्पांनी तो वरून खाली आणि खालून वर पाहिला. बत्ताशा त्यांच्या मांडीवर धापा टाकत होता आणि त्यांचे हात त्याच्या पायावरून जराही हलले नव्हते.

"काका, रेघ नाही," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही. "तो आत्ता रस्त्यातून धावला तो त्याच हाडावर धावला. दुसरं तिथे काहीही नव्हतं."

"म्हंजे हाड तुमच्या सुताचं?"

"सूत आता फारसं उरलेलंही नसेल. त्याचं त्याने बांधलंय."

आण्णाप्पांनी बराच वेळ श्वास रोखून धरला होता, तो सोडला. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. काकू खोलीत नव्हत्याच. त्या दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, फक्त त्यांच्या पदराचा काठ दिसत होता. फोटोत काय आलं ते त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

"आत ये," आण्णाप्पा म्हणाले.

"नगं. मला त्यातलं काय कळतंय?"

"ये म्हनतोय न्हवं."

काकू आत आल्या. पडद्याकडे बघायच्या आधी त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. आण्णाप्पांचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून त्यांनी हनुवटीनेच पडद्याकडे खूण केली. काकूंनी पाहिलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण डॉक्टर हसत होते आणि मी डोळे पुसत होते, त्यावरून त्या समजल्या असाव्यात.

"बरं झालं, तू न्हाई म्हनालीस," आण्णाप्पा म्हणाले.

काकूंचा हात तोंडावर गेला. उत्तर आलं ते इतकं हळू की मला ते कळायलाही एक क्षण लागला.

"आनि त्या येळंला?"

डॉक्टर उगीच सळईचा पाना शोधायला लागले. आण्णाप्पा पडद्यावरच्या त्या पांढऱ्या, ओबडधोबड हाडाकडे बघत होते.

"त्या येळंला ह्यो धागा न्हवता," ते म्हणाले. "त्यात तुझा काय दोस?"

काकूंनी पदराचं टोक घेतलं आणि नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला, मग गालावरची रस्त्याची धूळ पुसली. मग आपला हात त्यांच्या हाताखाली, बत्ताशाच्या घोट्यापाशी, हलकेच लावला.

"आता मी धरते," त्या म्हणाल्या. "दमला असाल."